पाठीवरचे बिऱ्हाड आणि परतीचे दार

चाळिशीच्या आतबाहेर नोकरीचा राजीनामा द्यावा, घर आणि मोटार विकून टाकावी व उरलेले आयुष्य दोन पेट्यांनिशी देशोदेशी फिरण्यात घालवावे, हे अमेरिकेतील एका वर्गाचे आता केवळ स्वप्न राहिलेले नाही. ती एक रीतसर जीवनपद्धती झाली आहे. बिली आणि अकेशा काडर्ली या दांपत्याने १९९१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी निवृत्ती पत्करली, पुढील काळ मेक्सिको, थायलंड अशा देशांत व्यतीत केला आणि त्या अनुभवावर पुस्तकेही लिहिली. १९९२ मध्ये जो डॉमिंग्वेझ व विकी रॉबिन यांचे ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ प्रसिद्ध झाले. पैसा म्हणजे तो मिळविण्यासाठी खर्ची घातलेले आयुष्य होय, हा त्यातील विचार पुष्कळांना पटला. तेव्हा या मंडळींना आळशी वा चैनखोर ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. त्यांची निवृत्ती वर्षानुवर्षांच्या काटकसरीतून आणि काटेकोर हिशेबातून आलेली असते. प्रश्न आहे तो हा हिशेब पुरा आहे काय, एवढाच.

त्याचा पाया विल्यम बेंगन या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये घातला. १९२६ पासूनचे शेअर, रोखे व महागाईचे आकडे तपासून त्याने असा निष्कर्ष काढला की, पहिल्या वर्षी संचयाच्या सुमारे ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे महागाईच्या प्रमाणात ती वाढवीत नेली, तर पैसा किमान ३० वर्षे पुरतो. म्हणजे १० लाख डॉलर जवळ असतील तर पहिल्या वर्षी ४० हजार डॉलर. टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी १९९८ मध्ये अशाच स्वरूपाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि वार्षिक खर्चाच्या २५ पट शिल्लक हे सूत्र रूढ झाले. तथापि हे गणित मांडले गेले ते साठी-पासष्टीच्या निवृत्तासाठी. अडतिसाव्या वर्षी निवृत्त झालेल्याची ३० वर्षे अडुसष्टाव्या वर्षीच संपतात. शिवाय पहिल्याच काही वर्षांत बाजार कोसळला, तर भाव पडलेले शेअर विकून पोट भरावे लागते आणि मग पुढची तेजीही ती खोट भरून काढू शकत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी भूगोल मदतीला येतो. श्रीमंत देशात मिळविलेला डॉलर थायलंडमधील चिआंग माई किंवा मेक्सिकोतील चापाला सरोवराच्या काठी खर्च केला, की तो अधिक पुरतो. पण ही स्वस्ताई स्थानिक मजुरीच्या कमीपणातून आलेली असते. पाहुणा चार दिवस राहिला तर बाजाराला बरकत येते. पाहुण्यांची वस्तीच झाली की शेजाऱ्याचे भाडे चढते. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको शहरात परदेशी रहिवाशांमुळे वाढलेल्या भाड्यांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्याचे मूळ येथेच आहे.

याहून गंभीर बाब नागरिकत्वाची आहे. पारपत्र एका देशाचे, वास्तव्य दुसऱ्यात, व्यवसाय तिसऱ्यात, संपत्ती चौथ्यात आणि मौजमजा पाचव्यात, असा ‘पाच ध्वजां’चा सिद्धांत या पंथातील काही जण सांगतात. कोणत्याही सरकारचा आपल्यावर पुरता हक्क पोहोचू नये, हा त्यातील मतलब. पण ज्याच्यावर कोणाचा हक्क नाही, त्याची जबाबदारीही कोणावर नसते. अमेरिकी नागरिकाला तर पळवाटही अपुरीच पडते, कारण तो जगात कोठेही राहिला तरी त्याच्या उत्पन्नावर त्याचा देश कर आकारतो. उलट तेथील वृद्धांसाठी असलेला सरकारी वैद्यकीय विमा, मेडिकेअर, देशाबाहेरील उपचारांचा खर्च साधारणतः देत नाही. सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते. ज्याने पंधराच वर्षे नोकरी केली, त्याच्या हिशेबात वीस शून्ये धरली जातात.

२०२० च्या मार्चमध्ये या जीवनपद्धतीची खरी कसोटी लागली. करोनाच्या साथीत एकामागून एक सीमा बंद झाल्या. १९ मार्च रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने परदेशातील नागरिकांना बजावले की, ताबडतोब परत या, नाहीतर अनिश्चित काळ बाहेर राहण्याची तयारी ठेवा. थायलंडने अडकलेल्या परदेशीयांना मुदतवाढ दिली, ही त्याची माणुसकी. हक्क म्हणून ती कोणाला मागता आली नसती. कालपर्यंत साऱ्या जगाला घर म्हणणाऱ्यांना त्या दिवसांत एकच प्रश्न विचारला जात होता : तुम्ही कोठले?

भारतातील नोकरदाराला या वाटेचे आकर्षण वाटले तर नवल नाही. केंद्र सरकारच्या सेवेत २० वर्षे पुरी झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती मागता येतेच. पण रुपयाचे गणित डॉलरसारखे चालत नाही, आणि भारतीय पारपत्राला अनेक देशांचे दरवाजे आधी अर्ज केल्याखेरीज उघडत नाहीत. थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहायचे तर वय किमान ५० हवे आणि बँकेत ८ लाख बाट किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. शिवाय वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी कोणी पाहायचे, हा प्रश्न कोणत्याच कोष्टकात बसत नाही.

परिव्राजकाची कल्पना या देशाला नवी नाही. मात्र परिव्राजक संचय सोडून निघे. हा नवा प्रवासी संचयाच्याच बळावर चालतो. आणि त्या परिव्राजकालाही चातुर्मासात एका जागी थांबावे लागे, गावाचा आसरा घ्यावा लागे. आयुष्य केवळ कचेरीत झिजवू नये, हा या मंडळींचा आग्रह रास्त आहे आणि तो प्रत्येक नोकरदाराने मनावर घ्यावा. परंतु निघण्यापूर्वी शिलकीइतकाच आणखी एक हिशेब मांडला पाहिजे : आजारपणात, साथीत किंवा सत्तरीनंतर कोणाच्या दाराशी हक्काने जाता येईल? ते दार टिकून राहते ते मागे राहिलेल्यांनी भरलेल्या करांवर, केलेल्या सेवेवर आणि राखलेल्या नात्यांवर. त्यातील आपला वाटा उचलून जो निघेल, त्याची भटकंती सुखाची होईल.