बँकेच्या टेबलासमोरील दहा मिनिटे

व्यवसायासाठी भांडवल, जागा आणि अंगी कसब लागते, हे आपण सारे जाणतो. परंतु आपला व्यवसाय दुसऱ्याला समजेल अशा रीतीने मांडणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी नोकरीची परंपरा आहे, व्यापाराची नाही. दुकानदाराच्या मुलाला गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, दर कसा ठरवावा, उधारी कशी मागावी हे गल्ल्याशेजारी बसल्या बसल्या कळत जाते. आपल्या मुलामुलींना ते मुद्दाम शिकावे लागते. म्हणून या लेखात आम्ही एकच प्रसंग घेतला आहे. नवा उद्योजक कर्जासाठी बँकेच्या अधिकाऱ्यासमोर बसला आहे आणि त्याच्या हाती फार तर दहा मिनिटे आहेत. ती त्याने कशी वापरावी?

१. समोरच्याला काय ठरवायचे आहे?

सादरीकरण म्हणजे वक्तृत्व, असा एक समज आहे. व्यासपीठावर उत्तम बोलणारा तरुण बँकेत मात्र अडखळतो, याचे कारण या समजात आहे. सभेतल्या श्रोत्याला ऐकायचे असते. बँकेतल्या अधिकाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो, आणि त्या निर्णयाचा जाब पुढे त्यालाच द्यावा लागतो. त्याच्या मनात मुख्यतः चार प्रश्न असतात. किती रक्कम हवी? कशासाठी? परतफेड कशातून होणार? आणि अंदाज चुकला तर काय? आपले सारे बोलणे या चार प्रश्नांच्या क्रमाने असावे. घरची परिस्थिती, घेतलेले कष्ट, समाजासाठी काही करण्याची तळमळ या गोष्टी खऱ्या असतात. पण त्या आधी सांगितल्या तर दहापैकी सात मिनिटे त्यांतच संपतात आणि रकमेचा विषय निघेपर्यंत पुढचा माणूस दाराशी उभा राहतो.

२. पहिले वाक्य

समजा, एखाद्या भगिनीला शालेय गणवेश शिवण्याचे युनिट काढायचे आहे. तिने सुरुवात अशी करावी : "साहेब, गणवेश शिवण्याच्या उद्योगासाठी एकूण ९ लाख रुपये लागतील. त्यांत माझे स्वतःचे दीड लाख आहेत आणि साडेसात लाखांचे कर्ज हवे आहे. ३ लाखांची शिलाई यंत्रे घ्यायची आहेत आणि ६ लाख कापड, धागा व मजुरीसाठी खेळते भांडवल म्हणून लागतील." एवढे बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही. परंतु आपल्यासमोर कोणता प्रस्ताव आहे हे अधिकाऱ्याला कळते, आणि पुढचे सारे तो त्या दृष्टीने ऐकतो. "थोडीफार मदत झाली तर बरे होईल" या वाक्यातून त्याला काहीच हाती लागत नाही.

३. आकडे कोठून येतात?

बँक कोणत्या पद्धतीने हिशेब करते हे माहीत असेल तर आपले आकडे तिच्या आकड्यांशी जुळतात. खेळत्या भांडवलाचेच पाहा. रिझर्व्ह बँकेने १९९१ साली पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या शिफारशींवरून रूढ झालेल्या पद्धतीनुसार लहान उद्योगाचे खेळते भांडवल वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के धरतात. विक्रीच्या २० टक्क्यांइतकी रक्कम बँक देते आणि ५ टक्के उद्योजकाने घालायचे असतात. आपल्या उदाहरणात वर्षाची विक्री २४ लाख धरली आहे. तिचे २५ टक्के म्हणजे ६ लाख. त्यांत बँकेचे ४ लाख ८० हजार आणि स्वतःचे १ लाख २० हजार. यंत्रांच्या ३ लाखांत स्वतःचे ३० हजार मिळवले की दीड लाखाचा मेळ बसतो.

आता २४ लाखांची विक्री कशी होणार, ते सांगितले पाहिजे. एक गणवेश ६०० रुपयांना विकला, त्यात कापड व इतर साहित्य ३३० रुपयांचे आणि शिलाईची मजुरी १२० रुपये गेली, तर १५० रुपये उरतात. भाडे, वीज, कर्जाचे हप्ते व घरखर्च मिळून वर्षाला साडेचार लाख लागत असतील, तर ३,००० गणवेशांवर खर्च भरून निघतो. वर्षाला ४,००० गणवेश विकले तर विक्री २४ लाख होते आणि दीड लाख हाती राहतात. म्हणजे विक्री ठरवल्यापेक्षा एक चतुर्थांशाने कमी झाली तरी हप्ता थकत नाही. हे शेवटचे वाक्य अधिकाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. ते कागदाच्या तळाशी दडवू नये, पहिल्याच पानावर लिहावे.

४. महत्त्वाचे ते वर

हा केवळ नीटनेटकेपणाचा मुद्दा आहे असे कोणी समजू नये. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया हे अंतराळयान उड्डाण करीत असताना इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी संभाव्य नुकसानीचे सादरीकरण पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर केले. एका स्लाइडचे शीर्षक वाचणाऱ्याला दिलासा देणारे होते. तिच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत असे होते की चाचणीसाठी वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता, तर आदळलेल्या तुकड्याचा अंदाज १,९२० घन इंचांचा होता, म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ते यान कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. पंखाला पडलेले भगदाड हे अपघाताचे कारण होते. परंतु चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडचीही चिकित्सा केली आणि गंभीर माहिती अशा रीतीने मांडण्यावर टीका केली. माहिती कागदावर असणे आणि ती वाचणाऱ्याच्या ध्यानात येणे यांत किती अंतर असते, ते यावरून समजावे.

म्हणून स्लाइड असो की टंकलिखित कागद, शीर्षकातच निष्कर्ष लिहावा. "विक्रीचा अंदाज" याऐवजी "३,००० गणवेशांवर खर्च निघतो" हे शीर्षक अधिक उपयोगी आहे. एका पानावर एकच मुद्दा असावा. आणि स्लाइडवरील मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवू नये. समोरच्याला वाचता येते.

५. अडचणीचे प्रश्न

अधिकारी उलटतपासणी घेऊ लागला की आपल्याला तो नकार वाटतो. वस्तुतः ज्याला प्रस्ताव फेटाळायचाच आहे तो सहसा फार प्रश्न विचारीत बसत नाही. आपल्या उदाहरणातील प्रश्न आधीच दिसतात. गणवेशांची विक्री मुख्यतः मे ते जुलैमध्ये होते. मग उरलेले नऊ महिने यंत्रे काय करणार? शाळेने गणवेश बदलला तर पडून राहिलेल्या कापडाचे काय? शाळेकडून पैसे किती दिवसांनी येतात? यांची उत्तरे घरीच लिहून काढावीत. रुग्णालयांचे पोशाख किंवा कामगारांचे ॲप्रन शिवण्याबाबत कोणाशी बोलणे झाले असेल, तर त्याचे पत्र सोबत न्यावे. जे ठाऊक नाही ते "चौकशी करून परवा सांगतो" असे म्हणावे आणि परवा खरोखर सांगावे. नियमही माहीत असावेत. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१० साली बँकांना दिला. अशा नियमाचा उल्लेख भांडणाच्या सुरात न करता, परिपत्रकाची प्रत पुढे ठेवून करावा.

६. भाषा आणि सराव

इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहतो. इंग्रजी अवश्य शिकावे. परंतु आपल्या धंद्याचा हिशेब ज्याला स्वच्छ मराठीत सांगता येत नाही, त्याला तो इंग्रजीतही सांगता येणार नाही. अधिकारी परप्रांतीय असेल तर साधी हिंदी पुरते. सावकाश बोलावे, आकडा सांगितल्यावर क्षणभर थांबावे आणि समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नये.

हे सारे वाचून येत नाही, करून येते. संस्थेच्या सभासदांत बँकेतून, विमा कंपन्यांतून, सरकारी खात्यांतून निवृत्त झालेली मंडळी असतात. ज्यांनी उभा जन्म टेबलाच्या पलीकडे बसून अर्ज तपासले, त्यांनी महिन्यातून एका रविवारी सभागृहात पुन्हा तसेच बसावे. एखाद्या विद्यार्थ्याने वा नव्या उद्योजकाने त्यांच्यापुढे दहा मिनिटांत आपला प्रस्ताव मांडावा, त्यांनी सवयीप्रमाणे खोचक प्रश्न विचारावेत आणि शेवटी कोठे अडले ते सांगावे. याला एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक घड्याळ एवढाच खर्च आहे. आपल्या मुलांनी नकार ऐकायचाच असेल, तर तो प्रथम आपल्या माणसांकडून, कारणासह ऐकावा. म्हणजे बँकेत जाण्यापूर्वी तो दुरुस्त करता येईल.