असुराची बाजू काय असेल?

पिंपळगाव राजासारख्या गावी सुटीत शहरातून नातवंडे येतात आणि व्हिडिओ गेममध्ये मान खाली घालून बसतात. आजोबांना वाटते, आपल्याशी बोलण्यासारखे यांच्यापाशी काही उरलेच नाही. वस्तुतः ही मुले त्या खेळांतील पात्रांच्या पूर्वायुष्यावर तासन्‌तास तर्क लढवीत असतात: खलनायक मुळातच दुष्ट, की कुणी त्याला तसा केला?

हा नाद आपल्या पिढीलाही होताच की! १९६७ साली ‘मृत्युंजय’ आणि ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके प्रसिद्ध झाली. शिवाजी सावंतांनी कर्णाला स्वतःची बाजू मांडू दिली. इरावती कर्वे यांनी तर युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा, असा तर्क मांडला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये आला. त्यात असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला बहीण निघते. नातवाला एवढेच विचारावे, “बाळा, त्या महाबलासुराची बाजू काय असेल रे?” तेथून कर्णापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

घरात विस्मरणाचा त्रास असलेली आजी असेल, तर तिलाही या गप्पांत घ्यावे. मात्र “कर्णाच्या सारथ्याचे नाव आठवते का?” असे विचारू नये, उत्तर सुचले नाही की ती खजील होते. “कुंतीने आधीच सांगायला हवे होते का गं, आजी?” असे विचारावे. यात चुकण्याची भीती नाही. खेळाचा आवाज बंद करावा, तिच्या समोर बसावे आणि उत्तराला वेळ द्यावा.