लिनन: जवसाच्या खोडातून आलेला शब्द

कापडाच्या दुकानात 'लिनन दाखवा' म्हटलं की जरा खरबरीत, मधूनमधून जाड धागा दिसणारं, बसल्या बसल्या चुरगळणारं कापड पुढे येतं. म्हणून लिनन हे एका पोताचं नाव आहे, अशी आपली समजूत होते. शब्दाची घडण मात्र वेगळं सांगते. इंग्रजीत हा शब्द मुळात विशेषण होता. जुन्या इंग्रजीत 'लीन' म्हणजे जवस. 'वुड'पासून 'वुडन' झालं, तसंच 'लीन'पासून 'लिनन', म्हणजे जवसाचं. लॅटिनमध्ये जवसाला 'लिनुम' म्हणतात आणि त्यावरूनच जवसाच्या दोऱ्याला 'लिनेआ'. हा दोरा ताणून सरळ रेघ धरायची, त्यातून 'लाइन' आली. आपणही भिंत 'सुतात' आहे म्हणतो. तिथेही धाग्याचीच रेघ झाली आहे.

संस्कृतात तर हीच घडण जशीच्या तशी सापडते. अमरकोशात जवसाची नावं अतसी, उमा आणि क्षुमा अशी आहेत. क्षुमेपासून केलेलं ते क्षौम. कालिदासाची शकुंतला सासरी निघते तेव्हा तिला मिळणारं वस्त्र क्षौमच आहे. पुढे क्षौम तलम, रेशमी वस्त्रालाही म्हणू लागले आणि कापड जवसापासून सुटलं. विदर्भात जवस आजही पिकतं, पण ते तेलाचं आणि चटणीचं. ही जात बुटकी, फांद्यांची. कापडासाठी लागते ती उंच, सरळ वाढणारी जात. ती कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धागा पूर्ण लांबीचा मिळतो. मग खोडं पाण्यात किंवा दवात कुजू देतात. साल आणि आतलं लाकूड यांना धरून ठेवणारा चिकटा सुटला, की मधले लांब, फिकट पिवळसर तंतू हाती येतात. जुन्या इजिप्तमधल्या ममी याच तंतूंच्या कापडात गुंडाळलेल्या आहेत.

यावर कोणी म्हणेल, अर्थ बदलतातच. रेल्वेच्या एसी डब्यातल्या सुती चादरींनाही लिननच म्हणतात, मग मुळाचा आग्रह कशाला? चादरींचं म्हणणं मला मान्य आहे. कापूस स्वस्त होण्याआधी युरोपात चादरी आणि आतले कपडे जवसाचेच असत. धागा बदलला, नाव राहिलं. तिथे कोणी फसत नाही. पॉलिएस्टरच्या कापडाला 'लिनन' म्हणून विकणं मात्र वेगळं. गाठीगाठीचं पोत कोणत्याही धाग्यातून विणता येतं. घाम शोषून चटकन वाळण्याचा गुण मात्र जवसाच्या तंतूचा आहे. पॉलिएस्टर ओलावा जवळजवळ शोषतच नाही. गिऱ्हाईक त्या गुणासाठी जास्त पैसे मोजतं आणि घरी नेतं नुसतं पोत. म्हणून ठाणावरच्या नावापेक्षा लेबलावर धागा कोणता लिहिला आहे, ते आधी वाचावं.