दुर्गादेवीच्या दुष्काळाचा दगडी पुरावा

बीड जिल्ह्यातल्या नेकनूर परिसरात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक आणि शेवटी काळा पाषाण लागतो. बालाघाटाचं हे पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचं आहे. अशा खडकात लेणी कोरता येतात, अंबाजोगाईला ती आहेतही. मात्र पाण्याने विरघळून आपोआप झालेल्या चुनखडकाच्या गुहा इथे नाहीत, त्यामुळे त्यांच्यात वाढणारे लवणस्तंभही नाहीत. तरीही या पठाराच्या आठवणीत सर्वांत खोल रुतलेल्या दुष्काळाच्या काळात पाऊस कसा होता, याची मोजलेली नोंद एका लवणस्तंभानेच दिली आहे. तो मिळाला सहाशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, नेकनूरच्या जवळपास त्याच अक्षांशावर, बस्तरच्या कांगेर खोऱ्यातल्या दंडक गुहेत.

दुर्गादेवीचा दुष्काळ 1396 साली सुरू झाला आणि बारा वर्षं टिकला, असं परंपरा सांगते. पुढे पंधराव्या शतकात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारं रयतेसाठी खुली केली, ती कथा कीर्तनातून आजही घरोघरी पोचते. 1972 चा दुष्काळ तर पाहिलेली माणसं अजून आहेत. पण लोकस्मृती हाल सांगते, नावं जपते. पाऊस किती कमी झाला होता, आणि एखाददुसऱ्या वर्षी की सलग पिढीभर, हे तिला सांगता येत नाही. ते काम दगडाने केलं आहे.

पावसाचं पाणी मातीतून मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. हे पाणी चुनखडक विरघळवत खाली उतरतं. गुहेच्या छताशी पोचल्यावर त्यातला वायू हवेत निघून जातो, आणि विरघळलेला चुना कॅल्साइट होऊन बसतो. थेंब जिथे पडतो तिथे जमिनीवरून ऊर्ध्वमुखी स्तंभ चढतो. अभ्यासाला हाच सोयीचा, कारण त्याचे थर एकावर एक बसतात. वाढ इतकी सावकाश की वर्षाला मिलिमीटरचा काही अंश पुरे.

स्तंभ उभा चिरून त्याचा छेद गुळगुळीत करतात आणि बारीक ड्रिलने मध्यरेषेवरून चिमूटभर भुकटी काढत जातात. भुकटीत ऑक्सिजनचे दोन समस्थानिक मोजायचे, हलका 16 आणि जड 18. ढग बरसत पुढे सरकतो तेव्हा जड रेणू आधी गळतात. म्हणून जोरदार पावसाच्या काळातल्या पाण्यात, आणि त्यातून बसलेल्या कॅल्साइटात, जड ऑक्सिजन कमी असतो. पाऊस दुबळा झाला की त्याचं प्रमाण वाढतं. फरक हजारात एक-दोन भागांचा, पण वस्तुमान वर्णपटमापी तो बिनचूक पकडतो.

वय काढण्याची रीत मला याहूनही सुंदर वाटते. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे थर बसतो तेव्हा त्यात युरेनियम असतं, थोरियम नसल्यात जमा. मग युरेनियमचा ऱ्हास होत थोरियम 230 साचत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं की थर केव्हा बसला ते कळतं, आणि ही मोजणी पाच-सहा लाख वर्षं मागे जाऊ शकते. थेंबाबरोबर माती आली तर मात्र बाहेरचं थोरियम शिरतं आणि वय फसवं निघतं. म्हणून मळकट स्तंभापेक्षा स्वच्छ स्तंभाला मोल.

आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंडकमधल्या स्तंभावरून इ.स. 600 ते 1500 अशा नऊशे वर्षांच्या मोसमी पावसाचा आलेख 2007 मध्ये प्रसिद्ध केला. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्याला तो अनेक दशकं दुबळ्या पावसाकडे झुकलेला दिसतो. दुर्गादेवीचा दुष्काळ याच पट्ट्यात येतो. बारा वर्षांची कथा ऐकून ती वाढवून सांगितली असेल असं वाटायचं. दगड सांगतो की दीर्घ अवर्षण खरोखर होतं.

बस्तरच्या दगडाचं बीडला काय, असा प्रश्न रास्त आहे. बंगालच्या उपसागरात उठणारे कमी दाबाचे पट्टे छत्तीसगड, विदर्भ ओलांडत पश्चिमेकडे सरकतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या मराठवाड्याला त्यांच्याकडूनच मोठा आधार मिळतो, विशेषतः सप्टेंबरात. तिकडे मोसमी पावसाचा कणा मोडला तर इकडे सावरायला फारसं काही उरत नाही. पण दंडकचा आलेख म्हणजे नेकनूरचं पर्जन्यमापक नव्हे. ऑक्सिजनच्या प्रमाणावर पावसाच्या मात्रेइतकाच बाष्प कुठून आलं याचाही परिणाम होतो. म्हणून एका स्तंभावर विसंबत नाहीत, दुसऱ्या गुहेची साक्ष घेतात. बस्तर भागातल्याच झुमर गुहेतून पुढचा काळ जोडला गेला. उत्तर कन्नडमधल्या अकलगवी गुहेतल्या स्तंभाने 331 वर्षांचा पाऊस सांगितला. तो अभ्यास अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेतले एम. जी. यादव व आर. रमेश आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले जी. बी. पंत यांचा. मेघालयातल्या मॉमलुह गुहेच्या स्तंभात 4200 वर्षांपूर्वीच्या कोरडेपणाची खूण इतकी ठळक आहे की 2018 मध्ये भूशास्त्राच्या कालगणनेत मेघालयन हा काळ तिथून मोजायला सुरुवात झाली. लोणार सरोवराच्या गाळानेही सुमारे 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा लांबलेला दुष्काळ दाखवला. गुहेतला कॅल्साइट आणि सरोवराचा गाळ, दोन अगदी निरनिराळे साक्षीदार इथे एकाच काळाकडे बोट दाखवतात.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची देशभराच्या पावसाची सुप्रसिद्ध मालिका 1871 पासूनची आहे. एवढ्या काळात दशकानुदशकं टिकलेलं तसं अवर्षण आलेलं नाही. म्हणजे आपली धरणं, पाणीवाटप आणि पीकपद्धती ज्या आकड्यांवर उभी आहेत त्यांत सर्वांत वाईट काळ मोजलेलाच नाही. लागोपाठच्या अपुऱ्या पावसाने केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तसं पंधरा-वीस वर्षं चाललं तर काय, हा हिशेब मराठवाड्याच्या पाणी नियोजनात आजच मांडला गेला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

त्यासाठी इथलीच नोंदही हवी, आणि बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, मुलखात ती अगदीच अशक्य नाही. बेसॉल्ट झिजताना कॅल्शियम सुटतं. ते पाण्याबरोबर वाहत कड्यावरच्या धबधब्यापाशी चुन्याचा सच्छिद्र थर होऊन साचतं. त्याला तुफा म्हणतात. पुणे विद्यापीठातले एन. जे. पवार आणि विश्वास काळे यांनी ॲटकिन्सन आणि रो यांच्यासह 1988 मध्ये महाराष्ट्र पठाराच्या कमी पावसाच्या भागातल्या अशा तुफाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो होलोसीन या चालू भूशास्त्रीय काळाच्या आरंभीचा, आजच्याहून ओल्या दिवसांचा निघाला. तुफा लवणस्तंभाइतका स्वच्छ नसतो आणि त्याचं वय काढणं कटकटीचं असतं. पण बालाघाटाच्या कड्यांवरून पावसाळ्यात किती तरी धारा कोसळतात. त्यांच्या पायथ्याशी कुठे असा थर बसला आहे, हे पाहायला भूशास्त्राचे विद्यार्थी आणि वाट ठाऊक असलेला गावातला माणूस एवढं मनुष्यबळ पहिल्या हंगामाला पुरेल.