नगर रस्त्याच्या गोंगाटात हेडफोन निवडताना

हेडफोनमधला आवाज एका पातळ पडद्याच्या थरथरण्यातून निघतो. पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात बसवलेले असते. गाण्याचा विद्युतप्रवाह वेटोळ्यातून वाहू लागला की ते पुढेमागे हलते, त्याबरोबर पडदा हलतो आणि कानाजवळची हवा ढकलली जाते. या जोडणीला ड्रायव्हर म्हणतात. खोक्यावर त्याचा व्यास मोठ्या अक्षरांत छापतात, ४० मिमी, ५० मिमी असा; पण व्यास वाढला म्हणून आवाज सुधारतोच असे नाही. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही ओळही जवळपास प्रत्येक खोक्यावर सापडते. माणसाच्या कानाला ऐकू येणारा पल्ला तेवढाच आहे. त्या पल्ल्यातले कोणते स्वर हेडफोन फुगवतो आणि कोणते दाबतो, हे त्या ओळीतून कळत नाही, आणि आवाजाचा दर्जा तर त्यावरच ठरतो.

स्वस्त आणि महाग हेडफोनमधला बराच फरक मात्र ड्रायव्हरमध्ये नसून हेडफोन कानावर कसा बसतो यात असतो. गादी आणि कान यांच्यात फट राहिली की खर्जातला आवाज तिथून निसटतो. चष्म्याच्या काडीने पडलेली फटसुद्धा पुरते. इअरफोनचेही तेच. सोबत लहान, मध्यम, मोठे अशी तीन मापांची रबरे येतात. पण बहुतेक जण आधीपासून बसवलेले मध्यम रबर तसेच ठेवतात आणि ‘याला बेसच नाही’ म्हणून इअरफोनला दोष देतात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असेही नाही. रबर बदलून पाहायला पैसे लागत नाहीत, आणि आवाजात त्याने पडणारा फरक दुप्पट किमतीचा इअरफोन घेऊनही कधी कधी पडत नाही.

वाघोलीसारख्या ठिकाणी या घट्ट बसण्याला आणखी एक कारण आहे. पुणे–नगर रस्त्यावरचे हे गाव जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. खराडीच्या आयटी कंपन्यांत जाणारे नोकरदार आणि बीजेएस महाविद्यालयाचे विद्यार्थी याच रस्त्याने ये-जा करतात. केसनंद फाट्यावरची कोंडी, खडी वाहणारे डंपर आणि पीएमपीच्या बसचे इंजिन यांच्या आवाजावर मात करायला हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. लहान मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलवरच आहे. बाहेरचा गोंगाट अडवणारा हेडफोन कमी आवाजात पुरतो. अशा प्रवासासाठी तो गुण गाण्याच्या गोडव्याहून आधी पाहायला हवा.

गोंगाट अडवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे रबराने किंवा गादीने कान बंद करणे. दुसरा म्हणजे एएनसी. यात हेडफोनवरचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि ड्रायव्हर त्याच्या नेमकी उलटी लहर सोडून तो मारतो. बसच्या इंजिनाची घरघर, पंख्याची घूं असे खालच्या पट्टीतले, एकसारखे आवाज त्याने चांगले दबतात. हॉर्न, कुकरची शिट्टी, शेजारच्या माणसाचे बोलणे त्याला फारसे आवरत नाही. तिथे चांगले बसलेले रबरच कामाला येते. कमी किमतीत एएनसीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा नीट बसणारा इअरफोन घेणे बहुधा शहाणपणाचे. पाठीमागून जाळी असलेले उघडे हेडफोन मोकळा आवाज देतात, पण गोंगाट जराही अडवत नाहीत. ते रात्रीच्या शांत खोलीसाठी. आणि दुचाकीवर यातले काहीच नको. हेल्मेटखाली इअरफोन घातलेल्या चालकाला मागून आलेल्या डंपरचा हॉर्न वेळेवर ऐकू येत नाही.

आवाज पारखायला आपल्या संगीतासारखी कसोटी नाही. ओळखीची, चांगली ध्वनिमुद्रित झालेली ख्यालाची बैठक लावावी आणि डग्गा ऐकावा. त्याचा घुमारा गोल उठून वेळेवर थांबला पाहिजे. तो गायकाच्या आवाजावर चढून बसत असेल तर बेस फुगवलेला आहे. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत तो मुद्दाम फुगवतात, कारण दुकानात अर्धा मिनिट ऐकताना तो आवाज भारी वाटतो. मग गायक श्वास घेतो तेव्हा मागच्या तंबोऱ्याकडे लक्ष द्यावे. जवारीची झिणझिण वेगळी ऐकू आली तर वरच्या पट्ट्या स्वच्छ आहेत. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील तर त्याच पट्ट्या नको तेवढ्या तीक्ष्ण केलेल्या आहेत आणि तासाभरात डोके शिणते. बातम्या किंवा व्याख्यानासाठी कसोटी याहून सोपी. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन वेगळे ‘च’ स्पष्ट कळले पाहिजेत.

एप्रिल–मेच्या उकाड्यात सुखाचा प्रश्न पहिल्या पंधरा मिनिटांत सुटत नाही, तो दुसऱ्या तासाला उभा राहतो. कान पूर्ण झाकणाऱ्या गाद्या घाम आणतात. कानावर टेकणारे छोटे हेडफोन हलके असतात. सोनीचा एमडीआर-झेडएक्स११० सुमारे १२० ग्रॅमचा आहे. पण ते कानाची पाळी दाबतात आणि चष्मा असेल तर ती दुखते. पट्टा ताणून पाहणे आणि निदान दहा मिनिटे घालून बसणे, एवढे दुकानात करता येते.

टिकण्याच्या बाबतीत ड्रायव्हर सहसा आधी दगा देत नाही. आधी तुटते ती वायर, तीही पिनेजवळ किंवा हेडफोनमध्ये शिरते तिथे, आणि एका बाजूचा आवाज जातो. म्हणून काढता येणारी वायर हा पैसे वाचवणारा गुण आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एम२०एक्सची ३ मीटरची वायर कायमची जोडलेली आहे. त्याच मालिकेतल्या एम४०एक्सची बदलता येते. आता काही स्वस्त चिनी इअरफोनांनाही दोन पिनांची सुटी वायर मिळते. वायरनंतर जातात त्या गाद्या. त्यांवरचे चामड्यासारखे आवरण पॉलियुरेथेनचे असते. घाम आणि दमट हवेने त्याचे काळे पापुद्रे सुटतात. गाद्या सुट्या मिळत असतील तर तोच हेडफोन पुन्हा नवा होतो.

बिनवायरी इअरबडमध्ये आयुष्य ठरवते ती बॅटरी. लिथियम-आयनची ताकद काही शे चार्जिंगनंतर उतरत जाते, आणि इवल्याशा कळीत ती बदलण्याची सोय बहुधा नसते. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली चार्जिंगची डबी तर तिचे आयुष्य आणखी घटवते. ऑफिसच्या मीटिंगांसाठी वायरवाल्याचा आणखी एक फायदा आहे. अनेक ब्लूटूथ हेडफोनांत माइक सुरू होताच जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते आणि ऐकू येणारा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. वायरमध्ये हे घडत नाही. फोनला ३.५ मिमीचे छिद्र नसेल तर टाइप-सीचे कन्व्हर्टर लागते. खोक्यावरचा ओहमचा, म्हणजे विद्युत रोधाचा, आकडाही पाहावा. १६ ते ३२ ओहमचे हेडफोन फोनवर सहज चालतात. २५० ओहमच्या स्टुडिओ मॉडेलांना वेगळा अँप्लिफायर लागतो.

खरेदीसाठी वाघोलीकरांना बुधवार पेठेतली तपकीर गल्ली अजून जवळची वाटते, कारण तिथे वस्तू हाताळता येते आणि वायर जोडून देणारेही भेटतात. नामांकित कंपनीच्या नावाची नक्कल सगळीकडेच विकली जाते. बिनवायरी हेडफोनच्या खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसते. बिलावर मॉडेल आणि तारीख लिहून घ्यावी, आणि वॉरंटीत वायर व बॅटरी धरली आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे.