रंगाच्या आधी पोचा

विमानांच्या कारखान्यातून होड्या बाहेर पडल्या, त्याचं निमित्त झालं एक खांदेदुखी. ग्रमन या अमेरिकन विमान कंपनीतले वरिष्ठ अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोंडॅक डोंगरांत मासेमारीला गेले होते. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना लाकूड आणि कॅनव्हासची जड कनू खांद्यावरून वाहावी लागली. लढाऊ विमानाला चालणारा पत्रा होडीला का चालू नये, हा विचार तिथे सुचला. युद्ध संपत आलं होतं, विमानांची मागणी आटणार हेही दिसत होतं. लवकरच ॲल्युमिनियमच्या कनू तयार होऊ लागल्या. १९५२ मध्ये हे काम त्याच राज्यातल्या मॅरेथॉन गावी हलवलं गेलं. अपोलो मोहिमांत माणसांना चंद्रावर उतरवणारं यान पुढे याच कंपनीने बांधलं.

मी राहतो त्या मिनेसोटात दहा एकर किंवा त्याहून मोठी ११,८४२ तळी आहेत. त्यामुळे दर तिसऱ्या-चौथ्या घराच्या मागे एखादी ॲल्युमिनियमची होडी पालथी पडलेली असते. उत्तरेकडे पाण्याखाली ग्रॅनाइट आहे. मऊ ॲल्युमिनियम त्यावरून सरकत नाही, अडकतं, खरवडलं जातं आणि त्याला पोचे पडतात. बाकीचे पोचे काठाला लावताना, ट्रेलरवर चढवताना पडतात. अशी जुनी होडी स्वस्तात मिळाली की नवा मालक पहिला प्रश्न विचारतो, रंग कुठला लावू? खरं तर रंग हे या कामातलं सर्वांत सोपं प्रकरण.

पोचा पडला म्हणजे पत्रा नुसता वाकला असं नाही. मधला भाग ताणून पातळ झालेला असतो आणि भोवती एक उंचवटा उठलेला असतो. हा काठच पोच्याला जागच्या जागी धरून ठेवतो. म्हणून खोलगट मध्यावर आतून दणके घालणं हा सर्वांत वाईट उपाय. हातोडी आणि खाली धरलेला धातूचा ठोकळा (डॉली) यांच्यात पत्रा चेपला गेला की तो आणखी पसरतो, आणि पसरलेल्या पत्र्याला जागा उरत नाही. मग तो भाग बोटाने दाबला की टक्‌ करून आत जातो, सोडला की टक्‌ करून बाहेर येतो.

आमच्या शेजारचे निवृत्त वेल्डर हे काम निवांत करतात. आतून वाळूची पिशवी लाकडी ठोकळ्याने दाबून धरायची आणि बाहेरून काठाच्या उंचवट्यावर लाकडी मोगरीने हलके ठोके देत गोल फिरायचं. काठ बसला की मधला भाग बराचसा आपणहून वर येतो. पत्रा ते डोळ्यांनी तपासतच नाहीत. तळव्याखाली पातळ फडकं धरून हात फिरवतात. डोळ्याला न दिसणारा चढउतार फडक्याआडून बरोबर कळतो.

पत्रा बत्तीने (ब्लोटॉर्चने) तापवून नरम करण्याचा मोह इथे आवरावा. तांब्याचं भांडं घडवणारा तांबट तेच करतो, पण तांबं तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही आणि ६६० अंश सेल्सिअसला एकाएकी वितळून खाली पडतं. जुने कारागीर त्यावर साबणाची रेघ ओढतात. ती काळी पडली की बत्ती बाजूला. सुटा पत्रा घडवताना हे ठीक. पण होडीच्या पत्र्याची ताकद कारखान्यात उष्णतेचे संस्कार करून किंवा थंड अवस्थेत लाटून आणलेली असते. घरच्या बत्तीने ती जाते आणि पुढच्या दगडाला तिथेच मोठा पोचा पडतो.

तेव्हा माझं मत असं, की निम्मे पोचे तसेच सोडावेत. तळाच्या मध्यावरच्या पसरट, उथळ पोच्याने होडीचं काही बिघडत नाही. अणकुचीदार घडी मात्र सोडू नये. तिच्या टोकाला भिंगातून बारीक चीर दिसली, तर दोन्ही टोकांना लहान भोकं पाडून ती थांबवावी आणि वरून ठिगळ मारावं. रिव्हेटच्या रांगेजवळचे पोचेही तपासावेत, कारण तिथे सांधा सैल होतो. होडी ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरायचं आणि खालून कुठे ठिबकतं तिथे खुणा करायच्या. पण बेताने: चार मीटर लांब, सव्वा मीटर रुंद तळावर पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे अडीचशे किलो वजन! ढिल्या रिव्हेटच्या बाहेरच्या डोक्याला एकाने जड पोलादी ठोकळा टेकवावा, दुसऱ्याने आतून ठोकावं. बदलायचा झालाच तर भरीव किंवा बंद टोकाचा घ्यावा. साध्या पोकळ पॉप रिव्हेटमधून पाणी झिरपतं.

उरलेली खोली भरायला गाडीची पॉलिएस्टर पुट्टी पाण्याखाली चालत नाही, ती ओल धरते. इपॉक्सीची घ्यावी आणि पातळ थरात लावावी. जाड थर लवचिक पत्र्यावर तडकतो.

मग खरी कसोटी. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतल्या प्राणवायूने क्षणात ऑक्साइडचा पारदर्शक थर धरतो. गंजापासून धातूला तोच वाचवतो, पण रंगाला नीट चिकटू देत नाही. क्रम चुकवू नये: आधी तेलकटपणा पुसायचा, नंतर घासायचं. उलट केलं तर तेल ओरखड्यांत घुसतं. साधा लोखंडी ब्रश वापरू नये, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंजाची सुरुवात होते. स्वच्छ पाणी ओतून पाहावं. सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब झालं तर अजून तेल आहे. पुसून कोरडं केल्यावर त्याच दिवशी ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर लागला पाहिजे. जुन्या होडीला पिवळट-हिरवा प्रायमर दिसला तर तो झिंक क्रोमेट असू शकतो. त्याची धूळ कर्करोगकारक असते, म्हणून पाणी मारून, योग्य मास्क लावूनच घासावं. इथल्या एप्रिलमध्ये थंडीमुळे रंग नीट वाळत नाही, पण मे महिन्यात मासेमारीचा हंगाम सुरू होतो म्हणून लोक घाई करतातच.

गोव्या-कोकणात खाऱ्या पाण्यात अशी होडी ठेवणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांभाळावी. तळावर शंख-शिंपले बसू नयेत म्हणून लावतात त्या रंगांत बहुधा तांब्याचं संयुग असतं. ॲल्युमिनियमजवळ तांबं आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे पत्र्याला भोकं पडायला सुरुवात. तांबंविरहित रंगच मागावा.

रंगछटा कुठलीही निवडा. फक्त अमेरिकेत नोंदणी क्रमांक नाळेच्या दोन्ही बाजूंना, किमान तीन इंच उंच आणि उठून दिसणाऱ्या रंगात लिहावा लागतो. करडी होडी आणि करडी अक्षरं असा बेत असेल, तर तो आधीच बदललेला बरा.