ऑफिस नव्हे, शेड बघा

कडाव हे कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. बाहेरच्यांना ते बाल दिगंबर गणेशाच्या देवळामुळे ठाऊक असतं. इथल्या दहावी झालेल्या पोराला मात्र गावातून तीन वाटा दिसतात: खोपोली-खालापूरकडचे कारखाने, कर्जतहून सुटणारी लोकल आणि तालुकाभर उगवलेली फार्महाऊसं नि रिसॉर्ट. तिन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो, ‘काय शिकलायस?’ त्याचं उत्तर लवकर मिळावं म्हणून घरचे लोक खासगी प्रशिक्षण संस्थेची पायरी चढतात. आयटीआय, हॉटेल मॅनेजमेंट, ‘नर्सिंग केअर’, लॅब टेक्निशियन, फायर अँड सेफ्टी, असं बरंच काही तिथे मिळतं. फी हप्त्याने, आणि नोकरीची म्हणे शंभर टक्के हमी.

आयटीआय ही मुळात सरकारी कल्पना. 1950 मध्ये केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. वर्गात शिकायचं, मग कारखान्यात हात बसवायचा, अशी ती जोडी. खासगी आयटीआयचं पीक आलं ते गेल्या दोन दशकांत. कौशल्य विकासाचा आढावा घेणाऱ्या शारदा प्रसाद समितीने 2016 च्या अहवालात याच वेगावर बोट ठेवलं. साठ वर्षांत जेवढ्या संस्था उभ्या राहिल्या, त्याच्या दुपटीहून जास्त पुढच्या दहा वर्षांत मान्यता घेऊन बसल्या, आणि मान्यता देताना निकष धाब्यावर बसवले गेले, असा तिचा सूर होता.

संस्था नफा कमावते म्हणून ती वाईट, असं मी म्हणणार नाही. वेल्डिंग मशीन, वीजबिल, निदेशकांचा पगार हे फुकट होत नाही. गोची आहे ती पैसे कधी मिळतात यात. फी प्रवेशापासूनच जमा होऊ लागते आणि मुलाला काम लागलं की नाही हे दोन वर्षांनी कळतं. त्यामुळे सगळा खर्च प्रवेशाच्या ऑफिसवर होतो. एसी, सोफा, गोड बोलणारी काउन्सेलर. आणि भिंतीवर फ्रेम.

ती फ्रेम जवळ जाऊन वाचावी. आयएसओ 9001 हे कार्यपद्धतीचं प्रमाणपत्र आहे, अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. उद्यम नोंदणी कोणत्याही लहान धंद्याला ऑनलाइन मिळते, पिठाच्या गिरणीलासुद्धा. ‘नीती आयोग नोंदणीकृत’ म्हणजे बहुतेकदा दर्पण पोर्टलवर स्वयंसेवी संस्था म्हणून केलेली नोंद. तिन्ही कागद खरे असू शकतात आणि तरी पोराच्या हातात पडणाऱ्या सर्टिफिकेटला कारखान्याच्या गेटवर कोणी विचारणार नाही. आयटीआयच्या बाबतीत बघायची ती केंद्राच्या व्यावसायिक प्रशिक्षण व्यवस्थेची, म्हणजे एनसीव्हीटीची संलग्नता, आणि तीही संस्थेची नव्हे, ट्रेडची नि तुकडीची. एखाद्या ठिकाणी इलेक्ट्रिशियनला मान्यता असते आणि शेजारच्याच खोलीत चालणाऱ्या एसी दुरुस्तीच्या वर्गाला नसते. प्रवेश देणारा पहिलंच दाखवतो. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत दहावीला 50 टक्के गुण आणि मान्यताप्राप्त ट्रेड प्रमाणपत्र लागतं. तिथे संस्थेचा स्वतःचा डिप्लोमा चालत नाही.

कागद झाले की ऑफिस सोडून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जावं. वेल्डिंगच्या बूथमध्ये सळईची थोटकं किती पडलीत ते बघावं. 3.15 मिलिमीटरची सळई जळत जळत दोनेक इंच उरते, ती पोरं डब्यात टाकतात. वर्ष संपत आलंय, आणि डबा रिकामा, जमीन चकचकीत, टेबलावर धातूचा एक शिंतोडा चिकटलेला नाही, तर तिथे वेल्डिंग फळ्यावर शिकवलं जातंय. फिटरच्या वर्गात व्हाइसचे जबडे बघावेत. कानशी नव्याकोऱ्या असतील तर त्या तपासणीसाठी आणलेल्या. पोराने घासलेला लोखंडी तुकडा गुण्याला लावून उजेडाकडे धरला तर फट दिसते का, हे कोणीही बाप तपासू शकतो. त्याला इंग्रजी यायची गरज नाही. आणि निदेशक कोण, हे विचारावं. गेल्या वर्षी इथूनच पास झालेला पोरगा या वर्षी शिकवत असेल, तर समजून घ्यावं.

मुलींच्या बाबतीत फसगत अधिक बोचरी. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, आणि दोन्हींनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. सहा महिने किंवा वर्षभराच्या ‘पेशंट केअर’ कोर्सने ती नोंदणी होत नाही. लहान खासगी दवाखान्यात काम लागतं, पांढरा डगला मिळतो, पण पगार मदतनिसाचा आणि सरकारी भरतीची दारं बंद. मदतनिसाचं काम हलकं नाही. पण फी घेताना ‘नर्स’ म्हणायचं नि नोकरीच्या वेळी ‘मदतनीस’, याला दुसरं नाव आहे.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत कोरिन्थियन कॉलेजेस नावाच्या नफ्यावर चालणाऱ्या साखळीने 2015 च्या एप्रिलमध्ये टाळं लावलं तेव्हा सुमारे 16,000 विद्यार्थी मधेच लटकले. नोकरी लागल्याचे आकडे फुगवल्याचा आरोप तिच्यावर होता. 2022 मध्ये तिथल्या सरकारने तिच्या साडेपाच लाखांहून अधिक माजी विद्यार्थ्यांचं 580 कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. आपल्याकडे पतसंस्थेतून काढलेलं किंवा मंगळसूत्र गहाण टाकून उभं केलेलं कर्ज असं कोणी माफ करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये बिहारच्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या प्रकरणात मान्यतेची खोटी जाहिरात करणं ही सेवेतली त्रुटी ठरवली आणि विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, हा एक आधार. पण ग्राहक आयोगात जायचं तर हातात काहीतरी लागतं. म्हणून जाहिरातीचं पत्रक जपून ठेवावं, आणि पावती संस्थेच्या पूर्ण नावाची, ट्रेड लिहिलेली घ्यावी. ‘प्रवेश शुल्क’ एवढंच लिहून देत असतील तर घेऊ नये.

आणि प्लेसमेंटचे फोटो भिंतीवर असतील, तर त्यातल्या गेल्या वर्षीच्या कोणत्याही तीन पोरांशी फोन लावून द्या म्हणावं, आपण निवडू ते तीन. शेडमध्ये खरंच पोरं घडवणारा संस्थाचालक तिथल्या तिथे लावून देतो. असे लोक आहेत, आणि त्यांचं ऑफिस बहुतेकदा यथातथाच असतं.